काटा मधे उभा होता

मी एक जुना अँपिअर मीटर आहे. ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगमागे बसवलेला, वाटीएवढ्या तोंडाचा, काच लावलेला. नाव जड आहे, म्हणून सगळे मला नुसतं 'काटा' म्हणत. मित्रांनो, स्वतःची कहाणी सांगणारे आपल्या कष्टांचं फार कौतुक करतात. मी कधीच कष्ट केले नाहीत. बॅटरीत वीज भरत असली की मी उजवीकडे झुकायचो, बॅटरीतली वीज खर्च होत असली की डावीकडे. आणि बॅटरी भरली की मधे उभा राहायचो. हे शेवटचं नीट लक्षात ठेवा, कारण ते न कळल्यामुळे एका माणसाचे डोळे गेले.

नवा होतो तेव्हा वखारीचा मालक माझी काच रोज रुमालाने पुसायचा. आमचा ट्रॅक्टर ओंडके ओढायचा. पुढे डायनामो थकला, बॅटरी भरेनाशी झाली आणि मी कायमचा डावीकडे लोळू लागलो. मग रोज सकाळी चार जण ट्रॅक्टर ढकलून सुरू करायचे. फुकटचे ढकलणारे असल्यावर दुरुस्तीचं नाव कोण काढतो?

त्या चौघांत मालकाचा जावई होता. लग्नानंतर तो सासऱ्याच्याच घरी राहायला आला होता, आणि हे त्याला विसरता येऊ नये याची काळजी मालक जातीने घ्यायचा. "जावईबापू, जोर लावा! जेवताना कसा लावता!" असं तो सीटवरून ओरडायचा. कामगार खो खो हसायचे. खरं सांगतो, पहिल्यांदा मलाही हसू आलं होतं.

एक दिवस जावई म्हणाला, "मामा, चार्जिंग मी बसवून देतो."

"द्या की! महिनाभर ट्रॅक्टर ढकलावा लागला नाही, तर किल्ली तुमची. मांडा वेगळं बिऱ्हाड, मारा स्वतःच्या फेऱ्या."

मालकाने हे सगळ्यांसमोर म्हटलं, कारण ते जमणार नाही याची त्याला खात्री होती. खिडकीत भांडी घासणाऱ्या त्याच्या मुलीने, म्हणजे जावयाच्या बायकोने, मात्र हात थांबवले. तिने ते खरं मानलं.

जावयाने तीन दिवस घेतले. डायनामोचे कार्बन बदलले, पट्टा ताणला. मग कटआउट उघडला. कटआउट म्हणजे बॉनेटखालची एक काळी डबी. बॅटरीला किती वीज द्यायची ते तिच्यातला एक छोटा स्क्रू ठरवतो. जावई तो स्क्रू केसभर फिरवायचा, इंजिनचा वेग वाढवायचा, माझ्याकडे बघायचा, पुन्हा केसभर फिरवायचा. इतक्या मायेने माझ्याकडे आजवर कुणी पाहिलं नव्हतं. शेवटी मी सुरुवातीला उजवीकडे जाऊन हळूहळू मधे आलो आणि स्थिर झालो. तो एकटाच हसला.

पंचवीस दिवस ट्रॅक्टर एका चावीत सुरू झाला. मग जावयाची आई आजारी पडली आणि तो चार दिवसांसाठी तिच्याकडे गेला.

दुसऱ्याच सकाळी मालक सीटवर बसला. "काटा मधेच उभा! झोपलाय, जावयासारखा," असं म्हणत त्याने नखाने माझी काच वाजवली. बॉनेट उघडून त्याने तो स्क्रू पिळला, चांगला दोन फेरे, मी उजवीकडे टेकेपर्यंत. "हां! आता कसा कामाला लागला!" त्याने मान वर केली, तर मुलगी खिडकीत होती. दोघांची नजरानजर झाली. त्याने स्क्रूड्रायव्हर खिशात घातला आणि तो निघून गेला. त्याच्या मनात पाप नव्हतं, असं मला वाटतं. नुसता तुच्छपणा होता. पण पाप असो की तुच्छपणा, पुढे जे झालं त्यात काही फरक पडला नाही.

मित्रांनो, भरलेल्या बॅटरीत वीज कोंबत राहिलं की ती उकळते आणि तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो. मी चार दिवस उजवीकडे टेकून हेच सांगत होतो. मालक खूश होता.

जावई परतला तो एकोणतिसावा दिवस. शेडमध्ये पाय ठेवताच त्याला उग्र वास आला आणि तो ओरडला, "मामा, बंद करा! बॅटरी उकळतेय!" मालकाने इंजिन बंद केलं. जावयाने बॉनेट उचललं, बॅटरीची बुचं काढली आणि पाणी किती उरलंय ते बघायला वाकला. आत अंधार होता.

"दिसत नाही? आता डोळेही आम्हीच द्यायचे का तुम्हाला?" असं म्हणून मालकाने खिशातून लायटर काढला.

"नको मामा, लायटर ना-"

एकदम लखलखाट झाला, त्यात मला काही दिसलं नाही. फक्त ऐकू आलं. बॅटरी फुटली आणि आतलं अ‍ॅसिड वाकलेल्या चेहऱ्यावर उडालं. मालक हात लांब करून उभा होता. त्याच्या बाहीला तेवढी चार भोकं पडली.

डोळे वाचले नाहीत. मालकाने सगळ्यांना सांगितलं, "स्क्रू त्यानेच चुकीचा पिळला होता. अर्धवट ज्ञान, दुसरं काय!" लोकांनी माना डोलावल्या. किल्ली मालकाच्याच खिशात राहिली.

महिनाभराने जावई अंगणात बाजेवर बसला होता. बायको त्याला भरवत होती. शेजारी मालक ट्रॅक्टर पुसत होता.

"अगं, मी गेलो तेव्हा काटा मधे होता, मला पक्कं आठवतंय. तू खिडकीत असतेस. बॉनेटपाशी कुणी गेलं होतं का?"

तिने बापाकडे पाहिलं. बापाने पुसणं थांबवलं नाही. तिने घराच्या छपराकडे पाहिलं. ते बापाचंच होतं, ताटातला घासही त्याचाच होता.

"नाही हो. मी कुणाला पाहिलं नाही."

तो मग म्हणाला, "म्हणजे माझाच हात चुकला." आणि त्याने पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.

नंतर नवा मीटर आला आणि मला काढलं. आता मी त्याच खिडकीत, खिळ्यांच्या डब्यात पडून आहे. जावई अजून जवळून कुणी गेलं की सांगतो, "माझ्या चुकीमुळे झालं हो सगळं." भांडी घासणारे हात तेव्हा क्षणभर थांबतात आणि पुन्हा चालू लागतात.

मित्रांनो, मधे उभ्या असलेल्या काट्याला आळशी म्हणू नका. बॅटरीजवळ आग नेऊ नका. आणि खिडकीतून काही पाहिलं असेल तर बोला. मी चार दिवस खरं दाखवत होतो, पण मला तोंड नव्हतं. तिला होतं.