कपाट कुणाचं?

या, असे जवळ सरकून बसा. एका कुलूपवाल्याची गोष्ट सांगतो. देवानं त्याच्या बोटांत कला घातली होती, पण एकदा एका गोडबोल्या माणसाच्या सांगण्यावरून त्यानं एका आजींचं बंद दार उघडून दिलं. घर कुणाचं, हे विचारायचं मनात आलं होतं, विचारलं नाही. त्या माणसानं आजींचं घर धुऊन नेलं आणि याला तीन महिन्यांची शिक्षा झाली.

सुटल्यावर काम मागायला गेला, तर पाच दुकानांनी त्याला दारातूनच वाटेला लावलं. सहाव्या दुकानाच्या मालकांनी सगळं ऐकून घेतलं आणि एका लोखंडी कपाटाकडे बोट केलं.

"किल्ली हरवलीय. उघडून दाखव, मग बघू."

त्यानं हत्यारं काढली, पण हात पुढे होईना.

"कपाट कुणाचं?"

"तुला काय करायचंय? नोकरी हवी ना?"

"हवी, मालक. घरी बायको वाट बघतेय. पण ज्याचं कपाट, तो समोर हवा."

"वा! तुरुंगात वकिली शिकून आलास वाटतं!"

"नाही हो. त्या दिवशी एवढंच विचारायचं राहिलं."

मालकांचं हसू मावळलं. त्यांनी फोन करून कपाटवाल्या बाईंना बोलावून घेतलं. बाईंनी मान हलवली, तेव्हा कुठे त्यानं कुलपाला हात लावला.

"उद्यापासून ये," मालक म्हणाले, "आणि मलाही असंच विचारत जा."

घरी जाताना तो वाट वाकडी करून आजींच्या दारावरून गेला. दाराला दोन नवी कुलपं होती.

बाबांनो, त्याला विसरलात तरी चालेल. दाराला कडी घालाल तेव्हा त्या आजींची आठवण ठेवा.