मी तिच्या मेंदूतला रिसेप्टर

मी एक जुना रिसेप्टर आहे. जुनी खरं तर माझी जागा. मी झिजतो, मोडतो आणि त्याच जागी पुन्हा घडतो. मित्रांनो, मी तुम्हाला दिसणार नाही. सदाशिव पेठेतल्या उत्कर्षाच्या मेंदूत एका पेशीच्या कडेला मी बसलेला असतो. शांत करणारं द्रव्य माझ्यापाशी आलं, की पेशीची धावपळ कमी करायची, एवढंच माझं काम.

तिची दहावीची परीक्षा, नोकरीची मुलाखत, लग्नातला गोंधळ, सगळं आम्ही रिसेप्टरांनी निभावलं. लोक म्हणायचे, किती शांत मुलगी. आमचं नाव कुणी घेतलं नाही. चालायचंच.

मग ती गरोदर राहिली. त्या महिन्यांत ते द्रव्य इतकं वाढलं, की आम्ही सगळेच कामावर राहिलो असतो तर ती दिवसभर पेंगत बसली असती. म्हणून आमच्यातले बरेच जण बाजूला झाले. कामचुकारपणा नव्हे, ती मेंदूने केलेली सोय होती. बाळ जन्मलं आणि द्रव्य एक-दोन दिवसांत खाली आलं. तेव्हा आम्ही भराभर परतायला हवं होतं. आम्हाला उशीर झाला. शास्त्रज्ञांनी असं उंदरांच्या मेंदूत पाहिलं आहे, माणसांबद्दल शोध अजून चालू आहे. मी आपलं माझ्यापुरतं सांगतो.

उत्कर्षा माहेरी होती. आई दोन वर्षांपूर्वी वारली होती, म्हणून वडील दिगंबर यांची थोरली बहीण मंदाकिनीआत्या बाळंतपण करायला आली. डोक्याला रुमाल, खिडक्यांना पडदे आणि सव्वा महिना उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. दुपारी आत्या बाळाला बाहेर नेई आणि म्हणे, "आता दोन तास झोप."

उत्कर्षा डोळे मिटून घेई. आत्या दारातून बघे. "दिगंबर, कशी गाढ झोपलीय बघ."

ती झोपलेली नसे. काळीज धडधडत असे, रडू येत असे. आपल्या हातून बाळ पडेल, हाच विचार पुन्हा पुन्हा येई. घरात हे फक्त मलाच ठाऊक होतं, पण मला तोंड नाही.

एकोणिसाव्या दिवशी मालिशवाल्या यमुनाबाईंच्या हाताला तिचे खांदे लाकडासारखे लागले. त्या बाहेर येऊन दिगंबरांना म्हणाल्या, "काका, ही पोरगी झोपत नाय. झोपणाऱ्या माणसाचं अंग असं नसतं."

"तुम्ही तेलाचं बघा," आत्या म्हणाली. "नखरे ओळखायला मी आहे."

दिगंबर आत जाऊन मुलीजवळ बसले. "झोप लागते का गं?"

"लागते, बाबा."

ते उठले नाहीत. मग ती म्हणाली, "नाही लागत. नुसते डोळे मिटते. आत्याला बरं वाटतं."

"चप्पल घाल. दवाखान्यात जायचंय."

"अजून सव्वा महिना झालेला नाही," आत्या दारातून म्हणाली. "लोक काय म्हणतील?"

"लोक दुपारी झोपतात. आपण तेवढ्यात जाऊन येऊ." मग ते बहिणीकडे वळले. "ताई, हिच्या आईलाही बाळंतपणात झोप नव्हती. आपण तिला चिडकी म्हणालो. ती गेली, तरी मी तो शब्द मागे घेतला नव्हता. आज घेतोय."

आत्याने बाळाला उचलून घेतलं. मग म्हणाली, "बाहेर ऊन आहे. रिक्षाने जा. बाळ माझ्यापाशी राहू दे."

डॉक्टर श्यामला यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "बाळ झोपल्यावर तुम्हाला झोप लागते?" उत्कर्षा या वेळी खरं बोलली, रडण्याचं आणि बाळ पडण्याच्या विचाराचंही सांगितलं. मग म्हणाली, "माझं काय चुकलं?"

"पाय मोडला असता तर हे विचारलं असतंत?" डॉक्टर म्हणाल्या. "सुरुवातीचं रडू बहुतेकींचं आपोआप थांबतं. तुमचं थांबलेलं नाही, म्हणून उपचार करायचे."

अंगावर पाजताना चालेल असं औषध सुरू झालं, दर आठवड्याला डॉक्टरांशी बोलणं सुरू झालं. मी एका दिवसात परतलो नाही. काही दुपारी ती पुन्हा रडली. तरी मी जागेवर यायचं सोडलं नाही, आणि तिनेही दवाखाना सोडला नाही. उपचारांच्या पाचव्या आठवड्यात एका दुपारी बाळ आत्याच्या मांडीवर होतं आणि उत्कर्षा तोंड उघडं टाकून घोरत होती.

"अगदी बापावर गेलीय," आत्या हळूच म्हणाली, आणि तिने दार ओढून घेतलं.

मित्रांनो, तुमच्या घरी बाळ आलं की पाळण्याकडे धावा, माझी ना नाही. पण बाळंतिणीपाशीही बसा. ती बरी नसेल, तर दवाखान्यासाठी कुठल्या महिन्याची वाट बघू नका. आणि आळशी, नखरेल, चिडकी, हे शब्द तिला लावू नका. कुणाला तरी बोलायचंच असेल, तर मला बोला. मी ऐकून घेईन आणि माझ्या कामाला लागेन.