डावखुरी कमळं

सिंदीच्या जुन्या रंगभवनाचं तोंड चकचकीत निळ्या पत्र्यांनी झाकायचं काम निकेशला मिळालं, तेव्हा त्याचा बाप, तानबा मिस्त्री, जाऊन महिना झाला होता. त्या दर्शनी भिंतीवरची सिमेंटची कमळं तानबानंच काढलेली. गावातल्या जाणत्यांनी सांगून पाहिलं, हे काम दुसऱ्याला जाऊ दे. निकेशनं घेतलंच. सरणाजवळही त्याच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नव्हतं. आतून सगळं बधिर, दाढ काढायच्या आधी सुई दिलेल्या गालासारखं. मग भिंत काय आणि बाप काय.

सकाळी परांचीवर चढून त्यानं भोकांच्या खुणा केल्या. तीन खुणा थेट कमळांच्या मधोमध आल्या.

खाली मोनाली नावाची नागपूरची मुलगी फोटो काढत होती. ती आर्किटेक्चर शिकत होती आणि झाकण्याआधी हे रंगभवन टिपून घ्यायला आली होती. तिनं त्याला खाली बोलावलं, रस्त्यापलीकडं नेऊन वर बघायला लावलं. छज्जे एकावर एक मागे सरकलेले, म्हणून भिंतीवर सावलीच्या चुण्या पडत होत्या, बाजूला सारलेल्या पडद्यासारख्या. नाटक आत सुरू व्हायच्या आधी इथं रस्त्यावरच सुरू होतं, असं ती म्हणाली. तीस वर्षं याच रस्त्यानं ये-जा करून निकेशनं एकदा मान वर केली असेल तर शपथ.

मग ती म्हणाली, "दादा, हा कारागीर डावखुरा होता. पाकळ्या बघा, थापी दर वेळी उजवीकडून डावीकडे ओढलीय. कोण होता, माहितीये?"

निकेशनं आपल्या हाताकडे पाहिलं. ड्रिल मशीन त्याच्याही डाव्याच हातात होती. लहानपणी ताटात डावा हात गेला की तानबा फटका द्यायचा, लोक हसतात म्हणायचा. स्वतः कायम उजव्यानं जेवला. पोराला कधी कामावर नेलं नाही. बाप डावखुरा होता, हे निकेशला आज कळत होतं.

तो वर चढला. तिन्ही खुणा पुसल्या आणि कमळं सोडून कोऱ्या भिंतीवर नव्या केल्या. पत्र्याआड ती कुणाला दिसणार, असं मोनालीनं विचारलं.

"नाई दिसत कोणाले," तो म्हणाला. "पण राहू दे."

दुपारी सगळे छज्ज्याखाली जेवायला बसले. त्यानं डबा उघडला. सवयीनं उजवा हात पुढे गेला, तो त्यानं मागे घेतला आणि चारचौघांत डाव्या हातानं घास उचलला. कोणी हसलं नाही. डब्यात मात्र एक टिपूस पडलं.