तेरा फुटी शाळेचा परवाना

कोपरच्या मुलींची शाळा मारुतीच्या देवळात भरायची. जन्माच्या ब्रह्मचाऱ्यासमोर एक्केचाळीस मुली रोज घसा ताणून कविता म्हणायच्या, आणि मारुतीने त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. तक्रार केली ती शिक्षणखात्याने. सन एकावन्नच्या जानेवारीत त्र्यंबक गुरुजींना पत्र आलं: वीस मार्चला दुपारी बारा वाजता डिपोटीसाहेब शाळा तपासायला येतील, त्या वेळी शाळेला स्वतःची इमारत नसेल, तर शाळा बंद करून मुलींना रुळांपलीकडे डोंबिवलीच्या शाळेत घालावं.

पत्र लिहिणाऱ्याने फक्त नकाशा पाहिला होता, कोपरचे बाप पाहिले नव्हते. रूळ ओलांडून पोरीला शिकायला धाडणारा बाप गावात एकही नव्हता. शाळा बंद झाली असती त्याच दिवशी एक्केचाळीस पाट्या चुलीपाशी गेल्या असत्या, आणि मागोमाग एक्केचाळीस पोरी.

गुरुजींनी पत्र काळुराम पाटलांना वाचून दाखवलं. पाटलांची तुळसा चौथीत होती आणि बापाच्या नावाने येणारी सगळी पत्रं तीच वाचायची, त्यामुळे शिक्षणाचे फायदे पाटलांना समजावून सांगावे लागत नव्हते. त्या सुमारास कल्याणजवळच्या छावणीतला लष्कराचा माल लिलावात निघत होता. लोक तिथून बूट आणत, घोंगड्या आणत, पाण्याच्या टाक्या आणत. पाटील दोरखंड आणायला गेले आणि घर घेऊन बसले.

"गुर्जी, लाकडाचं हाय, वर पत्रा हाय, आठ खिरक्या हायेत!" परत आल्यावर पाटील देवळाच्या पायरीवरूनच ओरडले. "कारखान्यातनं तयार होऊन आलंय. आता निस्तं उचलून आणाचं!"

घर होतं चोवीस फूट लांब आणि तेरा फूट रुंद. खोलून आणावं म्हटलं, तर धाकू सुताराने पान्याने एक बोल्ट फिरवून पाहिला आणि पानाच वाकवून परत आला. "सायबाचे बोल्ट गंजून एकजीव झालेत, गुरुजी. खोललं तर सरपण होईल. न्यायचं तर आख्खं न्या."

आख्खं न्यायचं! गुरुजींच्या अंगावर काटा आला, पण तो भीतीचा नव्हता. तीस वर्षं त्यांनी हजेरीपट भरले होते. घर चालवत न्यायचं काम त्यांच्या वाट्याला पहिल्यांदाच येत होतं. दुसऱ्या दिवशी ते धुतलेली टोपी घालून ठाण्याच्या एका कचेरीत हजर झाले. तिथे पोपटराव नावाचे कारकून होते.

"कशाची परवानगी?"

"घर रस्त्याने न्यायची."

"घरातलं सामान म्हणा."

"सामान नाही. घरच."

पोपटरावांनी चष्मा पुसला. "आत माणसं असतील?"

"सध्या रिकामं आहे. पोचल्यावर मुली बसतील."

पोपटराव उठले आणि त्यांनी कपाट उघडलं. माणूस वाईट नव्हता. नमुना मिळाला की काम करणारा होता. "मिरवणुकीचा नमुना आहे. मंडपाचा आहे. हत्ती नेण्याचा आहे, तो गेल्या वीस वर्षांत कोणी मागितलेला नाही. घराचा नाही."

गुरुजी टेबलापाशी सरकले. "मग हत्तीचा द्या."

त्या नमुन्यात 'पाय' असं होतं तिथे गुरुजींनी 'चाके, आठ' लिहिलं. 'स्वभाव' या रकान्यात 'शांत' लिहिलं. 'माहुताचे नाव' या ठिकाणी धाकू सुताराचं नाव आलं. 'पूर्वी कोणास इजा केली आहे काय' याचं उत्तर त्यांनी लढाईतलं घर असल्यामुळे जपून दिलं: 'माहितीप्रमाणे नाही.' पोपटरावांनी सगळं दोनदा वाचलं, खाडाखोड नाही असं पाहिलं, आणि शिक्का मारला. गुरुजी जिना उतरले ते दोन-दोन पायऱ्या टाकत.

एक शिक्का मिळाला की दुसरा कुठे मिळतो ते कळतं. पोलिसांनी बांधकामवाल्यांचा कागद मागितला, बांधकामवाल्यांनी पोलिसांचा, आणि गुरुजींनी दोघांनाही हत्तीचा दाखवला. जकात नाक्याने घर हा विक्रीचा माल नसल्याचं लिहून दिलं. शेवटचा कागद रेल्वेचा. डोंबिवलीच्या फाटकातून घर रूळ ओलांडणार, वर विजेच्या तारा. म्हणून घराची उंची मोजून, वीस मार्चलाच, अकरा दहा ते अकरा तीस एवढीच वेळ मिळाली. तेवढ्या वेळात गाड्या नव्हत्या. अकरा एकतीसला परवाना संपत होता.

"वीसलाच?" धाकू म्हणाला. "आणि साहेब बारा वाजता?"

"अर्धा तास मध्ये आहे," गुरुजी म्हणाले. त्यांना तो अर्धा तास फार मोठा वाटत होता.

मग रस्ता तपासायचा होता. गुरुजींनी बरोबर तेरा फुटांचा बांबू कापला. एक टोक त्यांनी धरलं, दुसरं धाकूने, आणि बांबू रस्त्यावर आडवा धरून दोघे छावणीपासून कोपरपर्यंत चालत आले. बांबू जिथे अडेल तिथे घर अडणार! बांबू एका आंब्याच्या फांदीला अडला, एका चहावाल्याच्या छपराला अडला, नेतिवलीजवळ एका म्हशीला अडला. गुरुजी प्रत्येक ठिकाणी थांबून वहीत नोंद करायचे. म्हशीचीही केली. बांबू घेऊन गंभीरपणे चाललेली दोन माणसं पाहून लोक टोप्या काढून बाजूला व्हायचे.

"कोण गेलं हो?" पिसवलीत एका म्हाताऱ्याने विचारलं.

"कोणी गेलं नाही, आजोबा. शाळा येते आहे."

म्हातारा हात जोडून म्हणाला, "देवाची मर्जी."

फांदीच्या मालकाने फांदी तोडू दिली. चहावाल्याने छप्पर दुमडायचं कबूल केलं. गुरुजींनी वेळापत्रक केलं: साडेपाचला प्रस्थान, सहा बैलजोड्या, सव्वादहाला फाटक. जवळजवळ एक तास हातचा ठेवला. पाटलांना वाचून दाखवलं तेव्हा पाटील मान डोलवत होते. "पिसवली आली का? तिथं माझी आत्या. गोळवलीला मावशी. मानपाड्याला आमच्या थोरलीचं सासर. समदी वाट आपलीच हाय गुर्जी, घोर करू नका!"

गुरुजींनी घोर केला नाही. तिथेच चुकलं.

वीस मार्चला उजाडता उजाडता घर चार बैठ्या गाड्यांवर चढवलेलं होतं. खाली सागाचे दोन लांब वासे, त्यांना दोरखंड आवळलेले, बैलांच्या शिंगांना फुगे. गुरुजी हातात लाल निशाण घेऊन पुढे उभे राहिले. छातीत असं धडधडत होतं, की लग्नाच्या दिवशीही इतकं धडधडलं नव्हतं. अर्थात लग्नाला परवाना लागला नव्हता.

"चला!" ते ओरडले.

"थांबा!" मागून आवडाबाई ओरडल्या. पाटलांची बायको. बरोबर चार बायका, हातात सुपं.

"आवडाबाई, साडेपाच वाजले!"

"वाजू दे. घराची पाठवनी हाय ना ही? लेक सासरी धारताना रिकाम्या ओटीनं धारतान का कोन?"

"अहो, हे लष्कराचं घर आहे."

"म्हनून काय त्याला कोन नाय?"

गुरुजींनी निशाण खाली केलं. दाराला आंब्याचं तोरण लागलं, चौकटीला कुंकू लागलं. घराला पदर नसल्यामुळे ओटी कुठे भरायची यावर बायकांचं थोडं बोलणं झालं, आणि शेवटी आवडाबाई घराच्या उंबऱ्यात चढून बसल्या आणि घराच्या वतीने त्यांनी स्वतःचा पदर पसरला. तांदूळ पडले, नारळ पडला. घर पावणेसहाला हललं.

आणि काय हललं! वासे करकरले, खिडक्या खडखडल्या, सहा जोड्यांनी खांदे लावले, आणि तेरा फूट रुंद शाळा आठही झडपा वाजवत रस्त्याला लागली. लोक धावत बाहेर आले. वाटेतला अरुंद पूल पार झाला, दोन्ही बाजूंना हातभर जागा ठेवून. फांदी नव्हती, छप्पर दुमडलेलं होतं, म्हैससुद्धा नव्हती. गुरुजींनी घड्याळ पाहिलं आणि निशाण असं हलवलं, जणू पलटण घेऊन निघालेत.

पिसवलीच्या वेशीवर पाटलांची आत्या उभी होती. मागे सगळी आळी, हातात सुपं.

"काळू, घर दारावरनं जाताय आनि तसंच जाल?" आत्या म्हणाली.

बैलांच्या पायांवर पाणी पडलं. ओटी भरली. घराला नाव घ्यायला सांगितलं. घराच्या वतीने आवडाबाईंनी नाव घेतलं, पण स्वतःच्या नवऱ्याचं. बैलांना गूळ मिळाला. गुरुजींना लाडू मिळाला. तो हातात धरून गुरुजी म्हणाले, "पाटील, पंचवीस मिनिटं गेली!"

"आत्या हाय, गुर्जी. आत्याला काय सांगू?"

गोळवलीत मावशी होती. तिथे तीस मिनिटं गेली, कारण मावशीच्या जावेचा मान आधी की मावशीचा हे ठरायचं होतं. मानपाड्याला व्याही होते, आणि व्याह्यांनी ताशेवाले आणले होते. ताशे वाजायला लागल्यावर बैल नाचायला लागले. गुरुजींनी वेळापत्रक काढलं. त्यात फांदी होती, छप्पर होतं, म्हैस होती, पण सोयरे कुठेच नव्हते. तेरा फुटी बांबूला आत्या लागत नाही.

"पळवा!" गुरुजी निशाण घेऊन स्वतःच पळत सुटले. "पाटील, शाळा गेली हो! पळवा!"

'शाळा गेली' हे शब्द पाटलांच्या कानात शिरले आणि त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी ताशेवाल्याच्या हातातून काडी ओढून घेतली, व्याह्यांसमोर रस्त्यावर फेकली आणि पुढच्या जोडीचा कासरा स्वतः धरला. व्याही त्यानंतर दोन वर्षं बोलले नाहीत. घर धावायला लागलं. उंबऱ्यात आवडाबाई एका हाताने चौकट आणि दुसऱ्या हाताने नारळ सांभाळत बसल्या होत्या.

फाटकाशी पोचले तेव्हा फाटक बंद होतं. फाटकवाला भिवा घड्याळ घेऊन उभा होता.

"अकरा बेचाळीस, गुरुजी. कागद तीसला मेला."

"अरे भिवा, बारा मिनिटं!"

"बारा मिनिटांत तीन गाड्या जातात. नवा कागद आणा."

"आरं, तुझी बायको माझ्या चुलत्याची नात!" पाटील पुढे झाले.

"म्हणून तुम्हाला घरात घेईन, पाटील. फाटकात नाही."

नवा कागद म्हणजे पंधरा दिवस. साहेब म्हणजे अठरा मिनिटं. गुरुजी मटकन भरावावर बसले. पलीकडून मात्र आरोळी आली. कोपरच्या मुलींना देवळात धीर निघाला नव्हता. तुळसा पुढे आणि मागे चाळीस जणी, पाट्या काखेत मारून, माणसांच्या वाटेने रूळ ओलांडून आल्या आणि शिडी न लावताच घरात चढल्या. ज्या रुळांपलीकडे बाप धाडत नव्हते, ते त्यांनी अर्ध्या मिनिटात मागे टाकले. आठ खिडक्यांत पाच-पाच तोंडं दिसायला लागली.

"गुर्जी, हिला फळा पण हाय!" तुळसा आतून ओरडली. लष्कराने भिंतीला ठोकलेला काळा तक्ता होता. त्यावर कोणा गोऱ्याने काढलेला बाण अजून होता.

तेवढ्यात मागे भोंगा वाजला. एक सरकारी जीप होती. पुढे शाळा, दोन्ही बाजूंना खोल चर. जीपला पुढे जायला जागा नव्हती. आतून काळा कोट घातलेले एक गृहस्थ उतरले.

"हा काय प्रकार आहे? मला बारा वाजता कोपरला पोचायचं आहे. शाळा तपासायची आहे!"

गुरुजी उठले. टोपी सरळ केली. त्यांच्या लक्षात आलं की आता खोटं बोलायला वेळ नाही, आणि खरं आहे ते फार विचित्र आहे.

"साहेब, आपण शाळेत पोचलात," ते म्हणाले. "शाळा कोपरला पोचायची आहे."

डिपोटीसाहेबांनी घराकडे पाहिलं. बैलांकडे पाहिलं. घड्याळ पाहिलं, बाराला पाच कमी होती. "इमारत कोणाची?"

"शाळेची. ही पावती."

"रस्त्यावर कोणत्या अधिकाराने?"

गुरुजींनी पाचही कागद दिले. साहेबांनी हत्तीचा कागद उभ्याउभ्या वाचला, उलटून पाहिला, पुन्हा वाचला. 'स्वभाव: शांत' इथे त्यांचं बोट जरा थांबलं. मग ते आवडाबाईंच्या शेजारून, नारळांवरून पाय उचलत, आत चढले.

तपासणी पुरी पाऊण तास झाली. साहेबांनी खिडक्या मोजल्या, मुली मोजल्या, फळ्यावर खडू चालवून पाहिला. बाहेरून गाडी गेली की सगळी शाळा थरथरायची, मग साहेब तेवढं थांबून पुढचा प्रश्न विचारायचे.

"तुझी शाळा कुठे आहे, सांग," त्यांनी तुळसाला विचारलं.

"आता फाटकाशी हाय. मंग आमच्या वरकस शेतात, भात पिकत नाय तिथं."

साहेबांनी 'इमारतीचे ठिकाण' या रकान्यात लिहिलं: 'डोंबिवली फाटक, कोपरच्या मार्गावर.' गुरुजींनी ते वाकून वाचलं.

"साहेब, हे चालेल?"

"नमुन्यात 'स्वतःची इमारत आहे काय' असं विचारलं आहे. आहे. ती स्थिर असावी असं कुठेही म्हटलेलं नाही," साहेब म्हणाले, आणि त्यांनी कागदावर झोकदार अक्षरात 'मान्यता द्यावी' असं लिहून सही केली. "मात्र महिन्याभरात चाकं उतरवा. आणि सतराचा पाढा एकीलाही येत नाही. हा शेरा मारावा लागेल."

मग साहेब उतरले, भिवाला बाजूला घेऊन म्हणाले, की सरकारी जीप अडली आहे आणि तिच्यापुढे जे काही आहे ते हलल्याशिवाय ती हलणार नाही. भिवा स्टेशनमास्तरांकडे धावला. एक वाजून पाच मिनिटांनी पंधरा मिनिटांची वेळ मिळाली.

फाटक उघडलं. मुलींना उतरवायला कोणाला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी त्या उतरल्या नसत्या. बैल वाकले, चाकं रुळांवर चढली, छपराचा पत्रा विजेच्या तारांपाशी उंची राखायला लावलेल्या आडव्या दांडीखालून दोन बोटं राखून सरकला, आणि आठ खिडक्यांतून एकच कल्लोळ उठला. पाटील रडत होते आणि बैलांना शिव्या देत होते. गुरुजी निशाण भिवाच्या हातात कोंबून शाळेबरोबर पळायला लागले, खिडकीच्या कडेला हात धरून.

"बसा खाली! फळ्याकडे तोंड करा!" ते धापा टाकत ओरडले. "साहेब मागे आहेत! म्हणा, सतरा एके सतरा!"

"सतरा एके सतरा!" शाळा म्हणाली, आणि कोपरच्या उताराला लागली.