कोंदणातला रंग

फॅन्सी इंटेन्स.

अंगठीतला हिरा सकाळी असा होता. गडद गुलाबी. सराफाच्या चिठ्ठीवरही तेच लिहिलेलं. प्रयोगशाळेचा दाखला नव्हता. गुलाबी हिऱ्यात वजनाआधी रंग बघतात: सगळ्यात फिका फेंट, मग लाइट, बराच वर फॅन्सी इंटेन्स. रंग एक पायरी उतरला की किंमत कधी निम्म्यावर येते.

"हिरा काढ, सोनं वितळव," सुभेदार हंबीरराव म्हणाले. "आमच्या पोरीच्या, क्रांतीच्या साखरपुड्याला साताऱ्यात नवा हार करायचाय. मी तहसीलला जाऊन येतो."

"आवं, समोर बसा की. गलाईत मालक बसल्याबिगर भट्टी पेटत न्हाई," सोनं गाळणारा गलाईवाला नाथाजी म्हणाला.

"तीस वर्सं वळखतोय तुला, नाथा. पळून जातोस व्हय?"

"दहा बाय आठच्या गाळ्यात पळू कुठं?"

दोघं हसले. सुभेदार गेले.

नाथाजीनं भट्टी पेटवली.

लाइट. भट्टीच्या उजेडात डबीतल्या हिऱ्याचा रंग उतरल्यासारखा वाटला.

हिरा आधीच काढून डबीत ठेवला होता. अंगठी मुशीत वितळली, तांबूस गोळी झाली. मग त्यानं डबी पांढऱ्या कागदावर उपडी केली.

हा तो नव्हे.

तोच आहे. दुसरा कुणी गाळ्यात आलाच नाही.

फेंट.

म्हणजे गुलाबी आहे, हे दुसऱ्यानं सांगावं लागतं. त्यानं कागद दारात नेला. उन्हात. सावलीत. भिंग लावून. तळहात घामेजला, कागद ओला झाला. हिरा फिकटच.

अंगठीला तांबं जास्त होतं. कोंदणाची लाली हिऱ्यात उतरली होती. सराफाला ठाऊक असणार. पण कोंदण आता कुठं आहे? मुशीत. कुणी पाहिलं? कुणी नाही.

हिरा मीच बदलला म्हणतील. विट्यात गलाईवाल्याचं नाव एकदा गेलं की...

त्यानं गोळी ठोकली. वाटीसारखी केली. घासली, पुन्हा घासली. आत हिरा ठेवला.

फॅन्सी इंटेन्स.

रंग परत आला. नाथाजी खाली बसला.

सुभेदार आले तेव्हा त्यानं काही लपवलं नाही. हिरा कागदावर दाखवला, मग वाटीत. पुन्हा कागदावर.

"बगा. खडा त्योच. लाली सोन्याची हुती. तुमाला इकणाऱ्यानं फशिवलं."

सुभेदार वाकले. वाटीतला हिरा बोटानं बाहेर ढकलला, आत ढकलला. फिकट. गडद. फिकट.

"म्हंजे," ते हळू म्हणाले, "फिकट खडा गडद दाखवायची कला तुला येती."

"सुभेदार, मी तर तुमाला..."

"लय भारी येती."

त्यांनी शटर अर्ध्यावर ओढलं. गाळ्यात अंधारलं. आता कागदावर कुठलाच रंग दिसेना.

"माझा खरा खडा बाहेर काढ, नाथा."