पडद्यामागचा रेषा ओढणारा

मित्रांनो, मी जुना ड्रायव्हर आहे, पण गाडी हाकत नाही. नकाशे काढायच्या एका सॉफ्टवेअरमध्ये मी राहतो. ते कुणालाही मोफत वापरता येतं, सुधारताही येतं. सॉफ्टवेअर सांगतं, 'इथून तिथवर रस्ता', आणि मी ठिपक्याला ठिपका लावत तो पडद्यावर उमटवतो. कीर्तनात बुवांचं नाव होतं. मी आपला मागच्या रांगेतला टाळकरी.

मला अनेकांनी घडवलं. ज्याने त्याने आपापल्या पडद्यासाठी, आपल्या प्रिंटरसाठी माझ्यात प्रोग्रॅमच्या चार ओळी वाढवल्या. ती यंत्रं भंगारात गेली, ओळींचं ओझं माझ्याकडेच राहिलं. मग ग्राफिक्स कार्डाच्या जोरावर झरझर रेखाटणारा नवा ड्रायव्हर आला. त्याचं कौतुक झालं. मला हाक क्वचितच येऊ लागली.

माझी देखभाल नगरच्या देवश्रीताई करत.

"वर्षभरात याची एकही तक्रार नाही," त्या सोबतच्या सुहासला म्हणाल्या. "कुणी वापरत नसणार."

"मग तेरावं उरकून टाका!" सुहास हसला.

नव्या आवृत्तीतून त्यांनी मला काढून टाकलं.

चौथ्याच दिवशी तिसगावहून सहादेवकाकांचा फोन आला. काकांना नकाशे काढायला ताईंनीच शिकवलं होतं. गावात सप्ताह बसला की घरोघरच्या भाकरी गोळा करून पंगत उठते. भाकरीच्या टेम्पोला वस्त्यांची वाट दाखवणारा नकाशा काका करत.

"ताई, नवं टाकलं अन् नकाशा पांढराफटक! उद्या सप्ताह बसतोय. टेम्पो कुठं धाडू?"

"काका, कॉम्प्युटरला ग्राफिक्स कार्ड आहे का?"

"आमच्याकडं कार्ड रेशनचंच हाय. लई जुना डबा हाय ह्यो."

"मग तुमचं काम जुन्याच ड्रायव्हरवर चालायचं, हे कधी कळवलं का नाहीत?"

"चालत हुतं की! चालत्या बैलाची कुनी तक्रार करतं व्हय?"

ताई लगेच कामाला बसल्या. त्यांनी मला परत आणलं, पण होता तसा नाही. भंगारातल्या यंत्रांच्या ओळी एकेक करून उतरवल्या. रेष ओढणं, रंग भरणं, नाव लिहिणं, एवढंच ठेवलं. संध्याकाळी काकांच्या पडद्यावर वस्त्या उमटल्या, आणि दुसऱ्या दिवशी पंगत पोटभर जेवली. मला कुणी ओळखलं नाही. विठ्ठलाने पाहिलं असेल.

आता मी हलका आहे. एकटा मात्र तेवढाच. मित्रांनो, गप्प आहे म्हणून कुणाला संपला समजू नका. पुसण्याआधी दारोदार विचारा. आणि कुणामुळे तुमचं काम सुरळीत होत असेल, तर 'चालतंय हं' एवढं तरी त्याला कळवत जा.