डावखुरा टाका

शेवटचा हप्ता बँकेत गेला त्या दिवशी आमच्या ह्यांनी तिन्ही क्रेडिट कार्डं कापायच्या टेबलावर ओळीनं मांडली आणि विचारलं, "आता ह्यांचं काय करायचं?"

"चुलीत घाला," मी म्हणाले.

सल्ला वाईट नव्हता. पण मी पडले तोंडाळ, त्यामुळे माझे चांगले सल्लेही घरात कुणी मनावर घेत नाही. हे नुसते हसले आणि बहिणीला फोन लावायला उठले.

आमचं दुकान जुने सोफे आणि खुर्च्या नव्यानं मढवून देण्याचं. खाली दुकान, वर आम्ही. हे सांगाडे दुरुस्त करतात, स्प्रिंगा ताणतात, भरण भरतात. कापायचं आणि शिवायचं माझ्याकडे. दोघांच्या कामाला एकच नियम, सासऱ्यांनी घालून दिलेला: दुसऱ्याचा टाका न विचारता उसवायचा नाही. चुकला असेल तर आधी सांगायचं, त्याला समोर बसवायचं, मगच कात्री उचलायची. लग्न झालं तेव्हा मला हा नियम म्हणजे म्हाताऱ्याची खोड वाटली होती. पुढं कळलं की एका खोलीत दिवसभर काम करणाऱ्या नवराबायकोला यापेक्षा मोठा शहाणपणा कुणी शिकवू शकत नाही.

ह्यांना दारूचा नाद नाही, पत्त्यांचा नाही. ह्यांना नाद कापडाचा. चांगली मखमल दिसली की आधी दोन बोटांत धरणार, मग तळहातावर फिरवणार, मग डोळे मिटणार. डोळे मिटले की समजायचं, गेलं कार्ड. "कधीतरी लागेलच की," म्हणून आणलेले तागे दुकानाच्या मागच्या भिंतीला लावून उभे राहिले, आणि होता होता भिंत दिसेनाशी झाली. त्यांत एक जांभळी मखमल होती, ती तर फुकट दिली तरी कुणी आपल्या सोफ्याला लावली नसती. इकडे व्याजावर व्याज चढत गेलं. ते फेडता फेडता आमच्या नाकीनऊ आले. चार वर्षं मी स्वतःसाठी नवी कात्रीसुद्धा घेतली नाही. तेव्हा 'चुलीत घाला' हे मी उगाच म्हटलं नव्हतं.

नणंदबाई एका कारखान्यात हिशेब बघतात. संध्याकाळी त्या आल्या, चहा घेतला आणि कार्डांकडे बघून म्हणाल्या, "वहिनी, घाई नको. ही दोन नवी आहेत, वर्षाला उगाच फी खातात. ती बंद करा. पण हे जुनं राहू दे. बँक पत बघते तेव्हा व्यवहार किती जुना तेही बघते. मर्यादा मोठी, आणि उचललेलं काही नाही, असं दिसलं की तुमचा आकडा चांगला राहतो. उद्या दुकानाची जागा विकत घ्यायची झाली तर?"

"आणि वन्सं, उद्या मखमल घ्यायची झाली तर?"

हे गळ्यातली टेप बोटाला गुंडाळत बसले.

"ती म्हणते तेही खरं आहे आणि तू म्हणतेस तेही," हे शेवटी म्हणाले. "अगं, असं कर. नवी दोन बंद करू, पण हे जुनं लपवून ठेवू नकोस, लपवलंस तर मी शोधत बसेन. माझ्या डोळ्यांदेखत कशाततरी शिवून टाक. तुझा टाका मी आजवर कधी उसवलाय?"

कधीच नव्हता. ह्यांच्याविषयी मला शंभर तक्रारी सांगता येतील, पण ही नाही.

मग खिडकीशी गिऱ्हाइकांसाठी ठेवलेली तपकिरी खुर्ची घेतली. तिची गादी सुटी, रेक्झिनची. मागची कड उसवून मी कार्ड भरणात सरकवलं आणि कड पुन्हा शिवली, आतून घालायच्या टाक्यानं, वरून दोरा दिसत नाही असा. कार्डाचा नंबर ह्यांना पाठ असण्याची भीती नव्हती. स्वतःच्या लग्नाची तारीखही हे मला विचारून सांगतात. वन्सं हसत म्हणाल्या, "बँकेला कळलं तर वेड्यात काढतील." मला मात्र माझीच मोठी कमाल वाटली.

वर्ष फार छान गेलं. गिऱ्हाइकं त्या खुर्चीत बसून भाव पाडून मागत आणि आम्ही एकमेकांकडे बघून हसायचो. हे कापडबाजारात जात आणि लागेल तेवढंच घेऊन परत येत. "माझ्या सुईनं खोड जिरवली," असं मी वन्संना येता-जाता ऐकवत होते. रात्री पाठ टेकली की मला झोप लागायची. ती चार वर्षं लागत नव्हती.

मग दोन गोष्टी एकाच आठवड्यात झाल्या. जागेचे मालक आले आणि म्हणाले की ते जागा विकताहेत. आमच्या सासऱ्यांपासूनचा संबंध, म्हणून पहिली संधी आम्हाला. आम्हाला नको असेल तर पलीकडचा लाँड्रीवाला तयारच होता. कर्ज काढावं लागणार हे उघड होतं. आणि दोनच दिवसांनी ह्यांच्या फोनवर बँकेचा निरोप आला. आपल्या कार्डाचा वर्षभरात एकदाही वापर झालेला नाही, महिनाभरात वापर न झाल्यास ते बंद करण्यात येईल.

आता बघा, कार्ड शिवून टाकणारी माणसं जगात आमच्यासारखी आम्हीच असणार, आणि न वापरलेलं कार्ड बँक बंद करते हे माहीत नसणारीही आम्हीच. मी वन्संना फोन केला. त्या म्हणाल्या, "काढा ते बाहेर, काहीतरी किरकोळ घ्या आणि लगेच पैसे भरा. कर्जाचा अर्ज करायच्या तोंडावर बंद होऊ देऊ नका."

"गादी आणा हो इकडे," मी ह्यांना म्हणाले.

हे हातातली हातोडी खाली ठेवेनात. "राहू दे ना. होऊ दे बंद. सुंठीवाचून खोकला गेला."

"खोकला नाही, जागा जाईल. आणा."

त्यांनी आणली नाही. मीच गेले, गादी उचलली आणि खिडकीच्या उजेडात उलटी केली.

मी उजव्या हातानं शिवते. हे डावखुरे. डावखुऱ्या माणसाचा टाका दुसऱ्या बाजूला कलतो, हे काही गुपित नाही, कुणालाही शेजारी शेजारी ठेवून दाखवता येईल. मागच्या कडेचा टाकान् टाका उलटा कललेला होता. दोरा जागोजागी वरून दिसत होता आणि शेवटची गाठ नको तेवढी मोठी होती. ती शिवण माझी नव्हती.

"कुणी उसवलं?"

"मी," हे म्हणाले.

मग मी जे बोलले ते सगळं इथं सांगत नाही. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच, इथपासून सुरुवात झाली आणि सासऱ्यांचं नाव काढण्यापर्यंत मजल गेली. वर्षभर माझ्या डोळ्यांत धूळ फेकलीत, मी म्हणाले. काय घेतलंत, कुठं दडवलंय, म्हणत मी मागचे तागे एकेक करून पुढे ओढायला लागले. हे मधे पडले नाहीत. तागे सगळे जुनेच निघाले. जांभळी मखमल माझ्या पायावर पडली, तेव्हा कुठं मी थांबले.

फोन टेबलावरच होता. निरोप अजून उघडा होता. वर्षभरात एकदाही वापर झालेला नाही. एका रुपयाचंसुद्धा व्याज न सोडणारी बँक खोटं कशाला बोलेल?

मी त्या खुर्चीत बसले. गादी हातात होती, त्यामुळे बसले ती लाकडावरच.

कापडातून सुई गेली तर भोक मिटतं. रेक्झिनचं तसं नाही, एकदा पडलं की पडलं. मी कड उजेडात धरली. माझ्या टाक्यांच्या भोकांशेजारी दुसरी ओळ होती, तिच्या खाली तिसरी, आणि तिच्यात घुसलेली आणखी एक. मी मोजायला लागले आणि मोजायचं सोडून दिलं.

"बाजारातून आलो की व्हायचं," हे माझ्याकडे न बघता म्हणाले. "तू माप घ्यायला बाहेर गेलेली असायचीस. मी उसवायचो. कार्ड हातात घ्यायचो. एकदा तर खिशात घालून कोपऱ्यापर्यंत गेलो होतो. मग वाटायचं, तू यायच्या आत शिवून ठेवावं. आणि मला काही तुझ्यासारखं भराभर शिवता येतं का? सुई बोटात जायची, दोरा तुटायचा. शिवून होईपर्यंत हौस उतरायची."

"मला सांगायचं नाही?"

"नियम मोडला होता ना. काय तोंडानं सांगू?"

मला रडू आलं. मला रडताना बघायची ह्यांना सवय नाही, ते उगाच पाण्याचा पेला शोधायला लागले. मी वर्षभर गाढ झोपत होते, स्वतःची पाठ थोपटून घेत होते, आणि हा माणूस खाली एकटा बसून वाकड्या हातानं ती कड पुन्हा पुन्हा शिवत होता. खोड माझ्या सुईनं जिरली नव्हती. जी काही आवरली होती ती ह्यांनी आवरली होती, आणि त्याचं कौतुक गावभर मी माझं म्हणून सांगितलं होतं.

"जागेचं होईपर्यंत राहू दे," हे म्हणाले. "एवढं वर्ष निभावलं, आणखी थोडं निभावेन."

मी कडेवर बोट फिरवलं. भोकं इतकी जवळ आली होती की पुढच्या ओळीला रेक्झिन फाटलंच असतं.

"नको," मी म्हणाले. "बंद करा."

"आणि जागा?"

"जागेचं बघू. बंद करा म्हणते ना."

वन्संना सांगितलं तेव्हा त्या वैतागल्या. "वहिनी, दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे!"

"दोन महिने तुम्हाला, वन्सं. त्यांना रोज त्या खुर्चीसमोर काम करायचंय."

बँक आपणहून बंद करेपर्यंत थांबायला हे तयार नव्हते. "मीच करतो," म्हणाले. त्यांनी कड उसवली, या वेळी माझ्यासमोर, आणि कार्डावरचा नंबर वाचत फोन लावला. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी होती. ती म्हणाली की इतक्या जुन्या ग्राहकाला सोडायची बँकेची इच्छा नाही. फी माफ करू. मर्यादा दुप्पट करू. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मला हातवारे करावेसे वाटत होते, फोन ओढून घ्यावासा वाटत होता. मी खाली मान घालून सुईत दोरा ओवत राहिले. माझ्या स्वभावाला हे किती जड गेलं ते माझं मला माहीत.

"नको, ताई," हे म्हणाले. "तुमचं काही चुकलं नाही. बंदच करा."

"बंद करण्याचं कारण काय लिहू?"

ह्यांनी उसवलेल्या कडेची भोकं बघितली. "ग्राहक दमला, असं लिहा."

जागेसाठी कर्ज मिळालं, पण मागितलं त्यापेक्षा कमी आणि व्याज जरा चढं. कार्ड बंद केल्यामुळे, की आमची कमाईच बेताची म्हणून, ते बँकेनं सांगितलं नाही. कमी पडलेले पैसे उभे करायला ह्यांनी मागचे तागे काढले आणि येईल त्या गिऱ्हाइकाला पटवून पटवून खपवले. जांभळी मखमल एका दातांच्या डॉक्टरीणबाईंनी बाहेरच्या बाकासाठी नेली. ती गेली त्या दिवशी हे जेवले नाहीत. पण दुकानाची मागची भिंत दिसायला लागली, आणि ती आता आमची आहे.

ती गादी मी कार्ड बंद केलं त्याच दिवशी ह्यांच्याकडे दिली होती, ओवलेल्या सुईसकट. आत काही नव्हतं तरी त्यांनीच ती शिवली, जीभ दातांत धरून.

परवा एक चोखंदळ बाई आल्या. बसण्याआधी त्यांनी गादी उलटून बघितली आणि नाक मुरडलं. "अहो, एवढं चांगलं काम तुमचं, आणि दुकानातल्या खुर्चीची ही अशी वाकडी शिवण? उसवून नीट का करत नाही?"

"तो टाका माझा नाही," मी म्हणाले. "आमच्याकडे दुसऱ्याचा टाका न विचारता उसवत नाहीत."

"मग विचारा की!"

हे सांगाड्याआडून माझ्याकडे बघत होते.

"नाही विचारायचं मला," मी म्हणाले, आणि गादी होती तशी खुर्चीवर ठेवली.